ओटीपी कुणाच्या फोनवर?

"अगं ए, आहेस का? गॅस बारीक करून ये जरा भिंतीपाशी. पाच मिनिटांचं काम नाहीये हे."

"बोला काकू. काका बरे ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! सरकारी दवाखान्यात गेलो होतो सकाळी, शुगर बघायला. दाराशीच चौकोन चिकटवलाय काळ्या ठिपक्यांचा. तिथली मुलगी म्हणते, आजी, मोबाइलने स्कॅन करा, टोकन येईल, रांग लावायला नको. म्हटलं, बाई, माझा मोबाइल बटणांचा. तर म्हणते, मग लावा रांग."

मला हसू आवरेना. मी नर्सिंग होमला केसपेपरवर बसते, त्यामुळे दवाखान्यातलं काहीही असलं की काकूंच्या लेखी जबाबदार मीच.

"अहो, 'स्कॅन अँड शेअर' आहे ते. 2022 च्या ऑक्टोबरपासून देशभर सुरू झालंय. स्कॅन केलं की नाव, वय, पत्ता आपसूक आत जातो. आम्हाला बरं पडतं. नाहीतर या भिवंडीत एक नाव लिहायचं म्हणजे परीक्षा. पद्मानगरची बाई तेलुगूत सांगते, शांतीनगरचा माणूस उर्दूत, मी ऐकते मराठीत आणि टाइप करते इंग्रजीत. एकाच माणसाचे तीन रिपोर्ट, तिन्हींवर स्पेलिंग वेगळं."

"आणि वय?"

"वयाचं तर विचारूच नका. निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून."

"माझीही एक जूनच. गुरुजींनी शाळेत घालताना लिहून टाकली. तिथे कोण बघायला गेलंय! बरं, ते आभा आभा म्हणत होती ती पोरगी. म्हणजे आयुष्मानचंच ना? पाच लाखांचं?"

हा प्रश्न मला दिवसातून इतक्यांदा ऐकावा लागतो की काउंटरवर पाटी लावावीशी वाटते. "नाही हो काकू. पाच लाखांचं कार्ड वेगळं, ते उपचाराचा खर्च देतं. आभा हा नुसता 14 आकडी नंबर. पैसा एक नाही. तुमचे रिपोर्ट, डिस्चार्ज, गोळ्यांची चिठ्ठी, जे जिथे झालं असेल ते या नंबराला जोडायचं. कागद दिल्लीला जाऊन बसत नाहीत, ज्याने तपासलं त्याच्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरने मागितले की तुमच्या फोनवर विचारणा येते, देऊ का? कुठले द्यायचे, किती दिवस बघू द्यायचे, तुम्ही ठरवायचं. मन फिरलं तर परवानगी काढून घ्यायची."

"पण मी काढलाच नाहीये ना नंबर."

"कशावरून? 2021 ला लस घेताना आधार दिलं होतंत ना? तेव्हा पुष्कळांचे निघालेत. सर्टिफिकेटवर नंबर छापलेला दिसला तेव्हा लोकांना कळलं."

"म्हणजे बारसं झालं आणि आईला पत्ता नाही!"

यावर मी काय बोलणार. आभाची योजना मोठी आहे, सप्टेंबर 2021 मध्ये देशभर लागू झाली. कागदावर संमतीचे नियमही चोख आहेत. घोळ आहे तो पुढे, ओटीपी ज्या फोनवर येतो त्या फोनपाशी.

"तुला समोरच्या विंगेतलं कळलं की नाही?" काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांच्या मते आणला. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं आपण, कुजबुजलो तरी तीन घरांना ऐकू जातं. "धाकट्या सुनेने गुपचूप रक्त तपासलं. दिवस गेलेत का बघायला. केसपेपरवर नंबर दिला घरातला. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा फोन होता सासूच्या हातात. सूनबाई अजून रिक्षात, आणि इकडे सासूने नणंदेला फोन करून पेढ्यांचं ठरवलंसुद्धा!"

"गोड बातमी होती म्हणून निभावलं, काकू. दुसरं काही निघालं असतं तर?"

"तेच म्हणतेय मी."

तेच आहे. एका घरात पाच आधार कार्डं आणि पाचांना जोडलेला मोबाइल एकच, बहुतेक थोरल्या मुलाचा. मग संमती कोणाची? लोक हॅकरला घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही. 2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे कॉम्प्युटर हल्ला करून बंद पाडले होते, दोनेक आठवडे तिथे सगळं पुन्हा हाताने लिहीत होते. पण आपल्या चाळीत दिल्लीचा हॅकर येत नाही. "आपल्या चाळीत सासू असते, दीर असतो, आणि गाळ्यावर मुकादम," मी म्हटलं.

"मुकादमाचं काय मध्येच?"

"अहो, कारागिराचा फोन नंबर बऱ्याचदा मुकादमाचाच लिहिलेला असतो. एकाला टीबी निघाला. तो सांगतो, ताई, हा नंबर नको, सेठला कळलं तर गाळ्यावरून काढतील. स्वतःचा नंबर दे म्हटलं तर त्याचा रिचार्ज संपलेला. आणि बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे याच्या खोकल्याची बातमी उद्या नाशकातल्या कुणा कॉलेजच्या पोराला!"

"मग नकोच ते ऑनलाइन."

"तसंही नाही ना. उलट अशा माणसालाच त्याची खरी गरज आहे. टीबीच्या गोळ्या सहा-सहा महिने. मध्येच सणाला तो गावी जातो, आझमगडला नाहीतर तेलंगणात. चिठ्ठी इथे खोलीत, माणूस तिकडे. तिकडचा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर गोळ्याच थांबतात. टीबीवाल्यांचं सरकारी 'निक्षय' आहे 2012 पासून, त्यात पेशंट या गावातून त्या गावात पाठवता येतो, गोळ्या तिथे मिळतात. खाण्यापिण्याचे पैसेही त्यावरूनच खात्यात येतात. 2018 ला महिना 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत."

"हे बरंय. पण तुमचे डॉक्टर ते मोबाइलमधलं बघतात का तरी? आमचे तर पिशवीकडेसुद्धा बघत नाहीत."

काकूंची पिशवी म्हणजे साडीच्या दुकानाची, बंद धरून धरून काळे पडलेले. ती भिंतीवर ठेवली आणि एकेक काढायला लागल्या. वर एक्स-रे, त्याच्यामागे काकांची सोनोग्राफी, मेडिकलची बिलं, लग्नाची एक पत्रिका (ती परत आत गेली), आणि ईसीजीची गुंडाळी. उलगडली तर कोरी. गुलाबी चौकटी कशाबशा दिसत होत्या, रेघ गायब.

"अगं बाई! यांचा पहिला अॅटॅक होता हा."

"त्या कागदावर शाई नसतेच, काकू. उष्णतेने उमटलेलं असतं, चार-पाच वर्षांत उडून जातं. तेव्हाच फोटो काढून ठेवायला हवा होता." आणि जुना ईसीजी डॉक्टरला खरंच हवा असतो. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून बघायची असते. ती एक पट्टी पिशवीतल्या बाकी सगळ्या कागदांवर भारी.

डॉक्टर बघतात का, या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की बघायला वेळ पुरत नाही. संध्याकाळी बाकडं भरलेलं, बाहेर जिन्यापर्यंत माणसं. आमचे डॉक्टर एका हाताने बीपीचा पट्टा बांधतात, दुसऱ्याने लिहितात. म्हणतात, टाइप करत बसू की छाती तपासू? 2023 मध्ये सरकारने ऑनलाइन नोंदी करणाऱ्या दवाखान्यांना आणि हॉस्पिटलांना वर थोडे पैसे द्यायला सुरुवात केली, पण टाइप करायला वेगळा माणूस ठेवायचा तर तेवढ्यात भागत नाही. आणि पेशंटही कमी नाहीत. चाळीस फोटो एकदम पाठवतात, त्यात दोन आडवे, एक अंगठ्याचा, एक नातवाच्या वाढदिवसाचा. डॉक्टरांना हवं असतं तेवढंच: आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची ॲलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन किती. त्यातही त्यांचा एक संशय मला पटतो. कुठले कागद दाखवायचे हे पेशंटच्या हातात, म्हणजे एखादा लपवलाही असेल. म्हणून ते फोनवर वाचलेलंही पुन्हा तोंडी विचारतात. लोकांना वाटतं, डॉक्टर लक्ष देत नाही.

"आणि मागितल्यावर देतात का तरी कागद? मागे एका ठिकाणी डिस्चार्जसाठी हेलपाटे घालून चपला झिजल्या."

"द्यावेच लागतात. 2002 पासूनचा नियम आहे, मागितल्यापासून 72 तासांत. तीन वर्षं जपूनही ठेवायचे."

"मला कुणी बोललं नाही!"

"कोण बोलेल स्वतःहून?"

काकूंना एकदम भाची आठवली. अमेरिकेत असते. तिकडे 2021 च्या एप्रिलपासून कायदाच आहे, रिपोर्ट तयार झाला की पेशंटला थेट ऑनलाइन दिसला पाहिजे, अडवून ठेवायचा नाही. भाचीला गाठीचा रिपोर्ट रात्री फोनवर आला, डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी भेटणार. "रात्रभर तो एक शब्द गूगलवर शोधत बसली बिचारी. आपल्याकडे असं नाही हो. आपल्याकडे डॉक्टर समोर बसवून सांगतात."

"कोणाला सांगतात, काकू?"

काकू गप्प झाल्या. शेजारच्या अण्णांचं आम्हा दोघींनाही आठवलं. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून सांगितलं, मुलाने बहिणीला, बहिणीने सगळ्या गल्लीला, आणि अण्णा शेवटपर्यंत म्हणत होते, साधी गाठ आहे, काढली की झालं. ऑनलाइन असतं तर अण्णांनी स्वतः वाचलं असतं. की तेव्हाही फोन मुलाच्याच खिशात असता? मला वाटतं, खिशातच असता.

"ऐक." काकू पिशवी भरता भरता म्हणाल्या. "माझा काढून दे तो आभाचा नंबर. पण यांच्या फोनवर नको, मुलाच्या तर मुळीच नको."

"का हो?"

"ठाण्याला जाते मी. महिन्यातून एकदा. बहिणीकडे म्हणून सांगते." इकडेतिकडे बघून घेतलं. "झोप लागत नव्हती गं. रडू यायचं उगाच. त्या डॉक्टरच्या गोळ्यांनी बरं वाटतंय. पण मुलाला कळलं तर म्हणेल, आईला वेड लागलं."

"मग ते जोडूच नका. तुम्ही जोडलं नाही, दाखवलं नाही, तर बाकीच्यांना दिसत नाही. पण आमच्या डॉक्टरांना तोंडी सांगा, काय घेता ते. बीपीच्या गोळ्या देताना माहीत हवं त्यांना."

"सांगीन. ते पोटात ठेवतात. तू पण ठेव."

"ठेवते. पण तुमच्या आधारला तर मुलाचाच नंबर असेल. आधी तुमच्या नावाचं सिम घ्यावं लागेल, मग आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायचा. अंगठा द्यावा लागतो."

"अंगठा? भांडी घासून घासून उमटतो कुठे माझा! रेशनच्या दुकानात दर महिन्याला तमाशा."

"मग डोळे घेतात."

"घेऊ देत. उजव्याचा मोतीबिंदू काढलाय म्हणावं, कागद पिशवीत आहे."