चितेगावचे रथकार

पैठणच्या रस्त्याने नक्षत्रवाडी, कांचनवाडी मागे टाकावी आणि चौदाव्या किलोमीटरच्या ज्या दगडाचा पत्ता व्हिडिओकॉन कंपनीने आपल्या दफ्तरी वर्षानुवर्षे वागवला, त्याच्या आसपास चितेगावात उतरून ‘बॅटरीवाले काका कुठं राहतात?’ अशी पृच्छा करावी, उत्तरादाखल ‘कोणते?’ असा प्रतिप्रश्न येतो. कारण ही एक व्यक्ती नसून एक ज्ञाती आहे, आणि तिची वस्ती ह्या परिसरात अंमळ दाट आहे.

ह्या दाटपणास इतिहास कारण आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, त्या रंगाच्या भरतीत चितेगावच्या कारखान्यातून टीव्ही बाहेर पडू लागले, आणि पंचक्रोशीतल्या आयटीआय उत्तीर्ण तरुणांनी सोल्डरिंग आयर्नच्या जोरावर संसार मांडले. पुढे २०१८ साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे दाखल झाले; नोकरी सुटली, पण बोटांना जडलेली डाग देण्याची सवय काही बरखास्त होईना. तिला काम हवे होते, आणि ते विजेच्या सायकलीने पुरवले.

आमच्या परिचयाचे काका ह्या ज्ञातीचे भूषण होत. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो. अशा दाबाच्या सान्निध्यात ज्याने उमेदीची वर्षे काढली, त्याला सायकलीच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट किरकोळ वाटावेत, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. मात्र पिक्चर ट्यूबमधला प्रवाह नाममात्र असतो, आणि लिथियमची बॅटरी मागितल्याबरोबर, किंबहुना न मागताही, शंभरावर अँपिअर ओतून मोकळी होते, हा सूक्ष्म भेद त्यांना एका पान्याने शिकवला. तो धन आणि ऋण अशा दोन्ही टोकांवर आडवा पडला, क्षणार्धात तेथेच चिकटला, आणि काकांच्या उजव्या भुवईचा जो अंश त्या दिवशी निवर्तला त्याच्या पुनरागमनाची वाट घरची मंडळी अद्याप पाहत आहेत. ‘अहो, ह्यापुढे घरात एक जरी सेल आला, तर मी माहेरी गेले म्हणून समजा,’ असे फर्मान त्याच दिवशी सुटले. तेव्हापासून चार्जिंगसाठी अंगणातील कडुनिंबाची सावली आणि जवळ वाळूची बादली मुक्रर झाली आहे.

कच्चा माल येतो तो भंगारवाल्याकडून, वजनावर. मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतील सहाही सेल मेलेले नसतात, एखाद-दुसऱ्याच्या दगाबाजीने साऱ्यांना मूठमाती मिळते, हा काकांचा सिद्धांत, आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा तो प्रत्येक सेल सोडवून, त्याची क्षमता व अंतर्गत रोध मोजून ते वहीत नोंदतात, आणि वधूवरांच्या पत्रिका पाहणाऱ्या जोश्याच्या गांभीर्याने, गुण जुळल्याखेरीज एकाला दुसऱ्याशेजारी बसू देत नाहीत. असे तेरा गट एकापुढे एक जोडले म्हणजे ४८ व्होल्टचा पॅक सिद्ध होतो. त्यातला कोणताही सेल ४.२ व्होल्टच्या वर चढून पेटू नये म्हणून बीएमएस नावाचे सर्किट पहाऱ्यावर असते, आणि त्या सर्किटावर विश्वास नसल्यामुळे हाती मीटर घेऊन काका स्वतःही असतात. ह्या सेलविद्येबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात चौथा वाटा भंगारवाल्याचा होता, असे काकांचे मत आहे.

एवढ्या अनुष्ठानाने गाडी तयार होते काय? धावते, एवढे खरे. परंतु ‘तयार झाली’ हे शब्द काकांच्या मुखातून कोणी ऐकलेले नाहीत. बिडकीनपर्यंत निर्वेध जाऊन आलेली सायकल दुसऱ्या दिवशी कंट्रोलर पोटाबाहेर काढून उताणी पडलेली असते, कारण ती काहीच कुरकुर करीत नव्हती आणि ते काकांना संशयास्पद वाटले. पेट्रोलच्या बचतीचा हिशेब ते कोणालाही तोंडपाठ सांगतात. खर्चाची बाजू काकूंच्या वहीत आहे, आणि दोन्ही वह्या एकत्र मांडण्याचा प्रसंग उभयपक्षी संमतीने तहकूब आहे. कायद्याने २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या सायकलीस नोंदणी लागत नाही. काकांच्या मोटरीवर ‘२५० वॅट’ अशी ठळक चिठ्ठी आहे. ती त्यांनीच चिकटवली आहे.

बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत विजेच्या स्कूटरींचा कारखाना काढण्याचे एथर कंपनीने २०२४ साली जाहीर केले, तेव्हा जावयाने मोठ्या हौसेने ही वार्ता आणून ‘आता विकतचीच घ्या’ असे सुचवले. काकांनी चष्मा कपाळावर सारून एवढेच विचारले, ‘जावईबापू, बॅटरी उघडली तर वॉरंटी राहते का?’ राहत नाही, असे कळल्यावर ‘मग ती गाडी आपली कशी?’ म्हणून ते पुन्हा निकेलची पट्टी कापू लागले. वॉरंटीच्या कागदावर सही करणाऱ्या आम्हा शहाण्यांना ह्या सवालाचा जवाब अद्याप सुचलेला नाही.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुन्या लॅपटॉपची बॅटरी पडून असेल, तर ती फुगण्यापूर्वी चितेगावी पोचती करावी. फुगली असल्यास मात्र काकांच्या कानावर जाऊ देऊ नये. ते तीही घेतील.