नानांची रॅम आणि जावयाचा मान

अहो, ऐकलंत का? नानांचा लॅपटॉप सुरू झाला एकदाचा! आणि कुणी केला असेल? छे हो, जावईबापूंनी कसला! तीच तर गंमत आहे. जरा अश्शा कठड्याशी या. नानी जपाला बसल्यात, पण माळ हातात आणि कान गॅलरीत.

तो २०१४ सालचा डबा तुम्हाला माहीतच आहे. पुण्याचे जावई परवा आले ते खिशात रॅमची पट्टी घेऊनच. म्हणाले, "नाना, चार जीबीत आजकाल काय होतंय? ही आठची घ्या, माझ्या जुन्या लॅपटॉपमधली. पळेल बघा." नानी इतक्या खूश, की लगेच श्रीखंड आलं... केशर घातलेलं हं, आपल्याला वाटीभर दिलं ते नव्हे. असो.

तर काय सांगत होते, जावयांनी दोन स्क्रू काढले, जुनी पट्टी काढली, नवी घातली, बटण दाबलं. आणि पडद्यावर अमावास्या! पंखा घुंऽ करतोय, कॅप्सलॉकचा दिवा लुकलुकतोय, पुढे काही नाही. जावई म्हणाले, "जुना झालाय हो, मदरबोर्ड गेला असणार." नानांचा चेहरा बघवेना. "सकाळी तर चालत होता," एवढंच पुटपुटले बिचारे.

आता मला सांगा, सकाळपासून बदललं काय होतं? रॅम! मग ती काढून आधीची लावून बघायची की नाही? हे अख्ख्या चाळीला कळत होतं. पण एकुलता एक जावई, त्यातून आयटीतला. त्याला कोण सांगणार, "तुम्ही घातलीत ती काढा"?

मग नाना लॅपटॉप छातीशी धरून लॅमिंग्टन रोडला. दुकानवाल्याने झाकण न उघडताच मान हलवली. तोही मदरबोर्डच म्हणाला, आणि आकडा असा सांगितला, की नाना उसाचा रस न पिताच परत. नानी म्हणाल्या, दृष्ट लागली. माझ्याकडे बघून म्हणाल्या हो!

शेवटी खालच्या कुंदाताईंची धाकटी आली. पॉलिटेक्निकला आहे बघा, ती कुरळ्या केसांची. आल्या आल्या विचारलं, "आजोबा, जुनी रॅम कुठाय?" नानींनी ती चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेली. त्या बाईंच्या घरातून काही म्हणजे काही बाहेर जात नाही. पोरीने चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत उरलेली वीज जाते म्हणे. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर सरकवल्या, तशी पट्टी टुणकन तिरकी उभी राहिली. जुनीची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली, तिरकीच आत सारली आणि दाबली. टक्! दोन्हीकडून टक् झालं पाहिजे, नाहीतर बसली असं समजायचंच नाही. बटण दाबलं, आणि विंडोज!

नानांनी लगेच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आनंदाने हो, कुणाला खिजवायला नव्हे. जावई म्हणाले, "लूज बसली असेल, परत माझी घाला." तर ती पोरगी दोन्ही पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरून म्हणते कशी, "काका, लेबल वाचा ना. तुमच्या पट्टीवर पीसी-थ्री आहे, आजोबांच्या पट्टीवर पीसी-थ्री-एल. तुमची दीड व्होल्टची, यांची १.३५ची. या चौथ्या पिढीच्या इंटेलला एलवालीच लागते. खाच दोन्हींची सारखीच, म्हणून बसते मात्र बरोबर." आणि वर म्हणाली, "एलवाली तुमच्या जुन्यात चालली असती, तुमची यात नाही." जावयांचा चेहरा... अहो, नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला त्यांनी! पुण्यात नेटवर्क नाही!

मग ती पोरगीच नानांना घेऊन गेली आणि आठची एलवाली घेऊन आली. सुरू व्हायला पहिल्यांदा जरा वेळ लागला, तर नानांचं बोट बटणाकडे. तिने हातच धरला. "आजोबा, थांबा, नवी रॅम ओळखतोय तो." झाला सुरू.

पण पुढचं ऐकलंत का? मशीन सांगतंय, वापरता येईल ती सव्वातीन जीबीच! आठ घातली, बाकीची गेली कुठे? पोरगी म्हणाली, विंडोज ३२ बिटची आहे, तिला चारच्या वर काही मोजताच येत नाही, ६४ बिटची घालावी लागेल. ही बातमी पुण्याला कशी पोचली देव जाणे, पण रात्रीच जावयांचा फोन. "काही करू नका, रविवारी मी येतो आणि घालून देतो."

नानींनी नानांच्या हातातून फोन घेतला. म्हणाल्या, "या ना, जरूर या. पण जेवायलाच या हं."