होतकरूचे बक्षीस

होतकरू कादंबरीकार गुरूच्या शोधात असतो, असे मानण्याची पद्धत आहे. खरे तर ‘आता यात हात लावण्यासारखे काही उरलेले नाही’ असे लेखी देणारा माणूस त्याला हवा असतो. २०१२ साली ब्रेंडा ड्रेक या अमेरिकन लेखिकेने ‘पिच वॉर्स’ नावाची स्पर्धा सुरू केली आणि हा प्राणी लख्ख उजेडात आला. अट साधी होती: कादंबरी लिहून पूर्ण झालेली हवी. बक्षीस असे की एखादा अनुभवी लेखक किंवा संपादक ती फुकट वाचणार, तिच्यात काय काय बिघडले आहे ते सविस्तर कळवणार आणि पुढचे काही महिने ती पुन्हा लिहून घेणार. म्हणजे पूर्ण झाली म्हणून पाठवायची आणि जिंकलो की ती अपुरी आहे हे कबूल करायचे! अर्ज हजारांत यायचे, निवड थोड्यांचीच व्हायची. आणि आपण नेमके कशासाठी रांगेत उभे आहोत, याचा रांगेतल्या बऱ्याच जणांना पत्ता नसायचा.

पुरावा हवा तर होतकरूची तयारी पाहावी. आपला अर्ज कोणत्या मार्गदर्शकांकडे जावा हे स्पर्धकाने ठरवायचे असे, आणि आपल्याला काय वाचायला आवडेल याच्या याद्या मार्गदर्शक आधीच जाहीर करत. स्वतःची कादंबरी सलग कधी वाचली हे ज्याला आठवत नाही, तो या याद्यांची पारायणे करतो. एखादीला चेटकिणी आवडतात असे कळले की पहिल्या प्रकरणात जॅम आटवणारी आजी रातोरात जडीबुटी उकळू लागते. पातेले तेवढे तेच राहते. निवडीच्या दिवसांत हे मार्गदर्शक ट्विटरवर नावे न घेता काहीबाही सूचक लिहीत. ‘आज एका कुत्र्याने मला रडवले’ एवढे कुणी लिहिले, की ज्यांच्या ज्यांच्या कादंबरीत कुत्रा आहे त्यांची झोप उडालीच. आपला कुत्रा तेराव्या प्रकरणात येतो आणि आपण पाठवले आहे फक्त पहिले, ही अडचण पहाटे तीनच्या सुमारास ध्यानात येते. मग तो मनाची समजूत घालतो: पहिल्या प्रकरणात खुंटीला पट्टा टांगलेला आहे, जाणकार वाचकाला तेवढा पुरे. इतके बारकाईने त्याने स्वतःचे हस्तलिखित वाचले असते, तर मार्गदर्शकाचे निम्मे काम वाचले असते.

कुणी म्हणेल, यात त्याचा काय दोष? तिकडच्या मोठ्या प्रकाशकांकडे एजंटाशिवाय हस्तलिखित सहसा पोहोचतच नाही, आणि या स्पर्धेच्या शेवटी दुरुस्त झालेल्या कादंबऱ्या एजंटांपुढे मांडल्या जात. मग माणूस रांगेत उभा राहणारच. हे रास्त आहे. (आपल्याकडे २०२१ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टमार्फत आलेल्या ‘युवा’ योजनेत तिशीच्या आतल्या ७५ लेखकांना मार्गदर्शन आणि वर सहा महिने दरमहा ५० हजार रुपये होते, मराठीतही लिहिता येत होते, तिथली रांग समजायला तर एजंटही लागत नाही.) पण एजंट हवा असलेल्याने मधल्या दुरुस्त्या निमूटपणे केल्या पाहिजेत, आणि आपला होतकरू अडतो तो तिथेच. स्वल्पविराम काढा म्हटले तरी ‘तो जाणीवपूर्वक आहे’ हे उत्तर तयार!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘द किस कोशंट’ लिहिणारी हेलन होआंग आणि ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ लिहिणारी टोमी अडेयेमी याच स्पर्धेतून पुढे आल्या; दोन्ही पुस्तके २०१८ साली निघाली आणि गाजली. मग स्पर्धेच्या नादी लागणाऱ्याला हसायचे कशाला? पण अडेयेमीने आधीची कादंबरी नकार मिळाल्यावर बाजूला ठेवून ही नव्याने लिहिली होती. लिहिलेले टाकून देण्याची तयारी तिच्याकडे अर्ज करण्याआधीच होती, आणि स्पर्धेला तरी दुसरे काय हवे होते?

२०२२ च्या सुरुवातीला पिच वॉर्स बंद झाल्याचे जाहीर झाले. स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेले एवढे काम किती वर्षे चालणार? तशी दुसरी एखादी स्पर्धा कुणा वाचकाला खुणावत असेल तर अर्ज जरूर भरावा. फक्त त्याआधी स्वतःची कादंबरी एकदा पहिल्या पानापासून सलग वाचून काढावी. निवड नाही झाली तरी एक वाचक नक्की मिळालेला असेल.