डॉक्टरसाहेब, चिठ्ठी कोणासाठी लिहिता?



आईला सर्दी झाली होती आणि घसा दुखत होता. ताप नव्हता. तुम्ही चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन, अ‍ॅसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल-सेराशिओपेप्टिडेजची एकत्र गोळी, पित्ताची कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन आणि खोकल्याचं औषध लिहिलंत. दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमध्ये पाचशेची नोट दिली, परत आली ती चिल्लर. तिची पेन्शन किती आहे हे तिनेच तुम्हांला खुर्चीवर बसल्या बसल्या सांगितलं होतं.

सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि अझिथ्रोमायसिन विषाणूंवर चालत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने ते जपून वापरायच्या प्रतिजैविकांच्या गटात ठेवलंय. आपल्याकडे टायफॉइडला तेच उपयोगी पडतं. सर्दीपडशाला ते असं उधळलंत, तर टायफॉइडचा पेशंट समोर आल्यावर काय लिहिणार आहात?

सेराशिओपेप्टिडेज तुम्ही सूज उतरायला देता. जपानमध्ये ते विकणाऱ्या ताकेदा कंपनीनेच 2011 मध्ये ते बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा जास्त गुण दिसला नाही. तुमच्या चिठ्ठीवर ते अजून आहे.

पण मला खरा राग आहे तो ब्रँडचा. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत 2016 साली दुरुस्ती झाली. डॉक्टरने औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं त्यात आहे. तुम्ही लिहिता ते ब्रँड गावातल्या दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, आणि तुमचं अक्षर फक्त शेजारच्या काउंटरवरच्या मुलाला लागतं. चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांचा ब्रँड केमिस्टने परस्पर बदलायचा नाही, असा औषध नियमांतला नियम 65 सांगतो. त्यामुळे स्टँडजवळच्या जनऔषधी केंद्रात तेच औषध ठेवलेलं असूनही आईला ते घेता आलं नाही. जनऔषधीच्या किमती ब्रँडपेक्षा 50 ते 80 टक्के कमी असल्याचं सरकार सांगतं. तो फरक तिच्या पदरात पडू द्यायचा की नाही, हे तुमचं पेन ठरवतं.

जेनेरिकचा भरवसा नाही, असं तुम्ही म्हणाल. दर्जाची तपासणी आपल्याकडे कमी पडते, हे मलाही मान्य आहे. मग तुमच्या ब्रँडची तरी पट्टी उलटून पाहा. पुढे एका कंपनीचं नाव, मागे बारीक अक्षरांत बद्दीच्या भलत्याच कारखान्याचं. त्याचा भरवसा तुम्हांला कोणी दिला? बाहेर बाकावर कण्हत बसलेल्या माणसांच्या आधी ज्याला आत घेता, त्या औषध कंपनीच्या एमआरने? फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंवर करसवलत नाकारली, तेव्हाच बजावलं होतं की त्या भेटवस्तूंची किंमत शेवटी औषधाच्या दरातून पेशंटच मोजतो.

पुढच्या वेळी आई आली की औषधाचं मूळ नाव लिहा, ठळक अक्षरांत. औषधाची गरज नसेल, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा एवढंच सांगा. तपासणीची फी आम्ही त्यालाही पूर्ण देऊ.

तुमच्या एका पेशंटची मुलगी