अर्धी पट्टी

परवा केमिस्टकडे चार गोळ्या मागितल्या. त्याने दहाच्या पट्टीला कात्री लावली आणि चार काढून दिल्या. घरी येऊन पाहतो, तर कंपनीचं ठसठशीत नाव माझ्या तुकड्यावर. गोळी बनली कुठे, तो मुंगीएवढ्या अक्षरांतला पत्ता त्याच्या ड्रॉवरमध्ये.

राग आला, मग हेपरिन आठवलं आणि गेला. बड्या कंपन्यासुद्धा अर्ध्याच पट्टीवर धंदा करतात.

हेपरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. डायलिसिसला लागतं, हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागतं. 2008च्या सुमारास अमेरिकेतलं जवळपास निम्मं हेपरिन बॅक्स्टर कंपनीच्या नावाने विकलं जाई. कुपीवर नाव इलिनॉयच्या कंपनीचं, पण गोष्ट सुरू व्हायची चीनमधल्या डुकराच्या आतड्यात. आतड्यांचं अस्तर घरगुती कारखान्यांत शिजायचं, तिथून दलाल, दलालाकडून चांगझोउ शहरातला कारखाना आणि शेवटी बॅक्स्टर. चांगझोउचा कारखानाही बॅक्स्टरचा नव्हे, तिच्या अमेरिकी पुरवठादाराचा, तोही भागीदारीतला. म्हणजे परदेशात बॅक्स्टरची हजेरी होती, फक्त ती दुसऱ्याने लावलेली.

2006 साली चीनमध्ये डुकरांवर रोग आला, आतडी महागली. मग वाटेत कुणाला तरी सुबुद्धी सुचली. सांधेदुखीच्या गोळ्यांत असतं ते कॉन्ड्रॉइटिन रासायनिक फेरफार करून हेपरिनमध्ये मिसळलं गेलं. स्वस्त, आणि नेहमीच्या चाचणीत बिनबोभाट पास! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. रुग्णांचा रक्तदाब धाडकन कोसळू लागला, श्वास कोंडू लागला. या औषधानंतरच्या 81 मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जाहीर केली. भेसळ नेमकी कुणी केली, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

आणि एफडीए? तिने 2004 मध्ये चांगझोउच्या कारखान्याला पाहणी न करताच मान्यता दिली होती. कारण, तशाच नावाचा दुसरा कारखाना आधी पाहून झाला होता आणि फायलीत दोघांची अदलाबदल झाली! आमच्या गल्लीत सात पाटील आहेत, पण पोस्टमन अजून चुकलेला नाही. त्याला मात्र कुणी महासत्ता म्हणत नाही.

चांगझोउला तपासनीस पोहोचले फेब्रुवारी 2008 मध्ये, रुग्ण दगावल्यावर. त्याच नोव्हेंबरात एफडीएने चीनमध्ये कचेऱ्याही थाटल्या. पट्टीचा उरलेला अर्धा तुकडा मागायला इतका उशीर.

मी संध्याकाळीच पुन्हा केमिस्टकडे गेलो. म्हटलं, "पत्त्याचा तुकडा दाखव." तो म्हणाला, "काका, तो मघाशीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला."