कात्री

पहूरच्या एका मेडिकलवर मागच्या आठवड्यात ऐकलेला संवाद. मेडिकलचं नाव सांगत नाही. एकाचं सांगितलं तर बाकीचे रुसतील, आमचं का नाही म्हणून.

"भो, खोकला जातच नाही. दे काही पावरचं."

"किती दिवसाच्या देऊ?"

"दे दोन दिवसाच्या. बरं वाटलं त येतो."

"अन् नाही वाटलं त?"

"तरी येतो."

गल्ल्याशेजारची कात्री निघाली आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या पट्टीतून दोन गोळ्या कचकन कापल्या गेल्या. औषधाचं अर्धं नाव त्या तुकड्यावर गेलं, अर्धं पट्टीवर राहिलं. मुदतीची तारीख आधीच कोणाच्या तरी खिशात गेली होती. अशा पट्टीच्या कडेला एक उभी लाल रेघ असते. ती दिसली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका, असं सरकार २०१६ पासून सांगतंय. रेघेचाही हिस्सा गिऱ्हाइकाला बरोबर मिळाला.

आता ही गोळी काही नुसत्या खोकल्याची नाही. टीबीची नेहमीची औषधं चालेनाशी झाली की ज्या घराण्याकडे हात पसरायचे, त्यातली ही. खोकला टीबीचाच असेल तर हिने दोन-चार दिवस उतार पडतो, माणूस कामाला लागतो, थुंकी तपासायची राहून जाते. तिकडे छातीत जंतूंची शिकवणी सुरू होते.

ती कशी असते हे पहूरच्या शेतकऱ्याला मी काय सांगायचं? बीटी कपाशी २००२ साली आली, २००६ साली दोन जनुकांची आली, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने ती दोन्ही जनुकं पचवून आपल्या बोंडांत संसार थाटला. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी यायची. ती कडेने लावायची, म्हणजे तिथल्या साध्या अळ्या जगतात आणि विषाला सरावलेल्या अळ्यांचं वेगळं गाव वसत नाही. ती पुडी कोणी लावली? आमच्या वावरात तरी ती कधी उगवली नाही.

टीबीचा हिशेबही असाच. फुप्फुसात एक पोकळी पडली की तिथे दहा कोटींच्या घरात जंतू राहतात. दर दहा लाखांत एखादा मुळातच आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाला दाद न देणारा, दर दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हा एकटा सातबाऱ्यावर येतो. म्हणून औषधं चार आणि एकदम. दोघातिघांना एकाच वेळी चुकवणारा जंतू सापडणं जवळजवळ अशक्य.

बोंडअळीचा विषय निघालाच आहे तर कृषी केंद्रातही डोकावू. कपाशीवर जिवाणूजन्य करपा दिसला की कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर सहा ग्रॅमची एक पुडी पंपात जाते. स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ साली सापडलेलं हे औषध टीबीवर लागू पडलेलं जगातलं पहिलं प्रतिजैविक. त्याआधी टीबी झाला की मोकळी हवा, दूध आणि देवाचं नाव. असं औषध आपण वावरात फवारलं. पुडीही परकी नाही, पिंपरीच्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीने शेतीत हे बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, त्यात पूर्ण बंदीची तारीख होती १ जानेवारी २०२४. मसुदे काढण्यात आपला हात धरणारा कोणी नाही.

एवढं सगळं होऊनही औषधाला न जुमानणारा टीबी कुठून आला असं विचारलं की उत्तर एकच, आणि ते पाठ असतं: "पेशंट कोर्स पूर्ण करत नाहीत." अडाणी पेशंट, दारुडा पेशंट, जरा बरं वाटलं की ऊसतोडीला जाणारा पेशंट.

संशोधकांनी मात्र भलत्याच ठिकाणी पाहिलं. डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीचं औषध लिहायला सांगितलं. १९९१ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष: १०० डॉक्टर, ८० वेगवेगळे उपचार. डॉक्टर तितक्या चिठ्ठ्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तिथेच तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला. ६३ तऱ्हेच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यांतल्या बरोबर फक्त सहा जणांच्या. ८० वरून ६३ म्हणजे प्रगती आहे, नाही कोण म्हणतं.

याच उदवाडियांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा जंतू बधत नव्हता. त्यांतले तिघे अठरा महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टरांच्या हाताखालून गेले होते आणि दर ठिकाणी औषधं एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत वाढवली गेली होती. म्हणजे कोर्स यांनी केला. कोर्सच वेडा होता. यावर दिल्ली कशावर चिडली असेल? नावावर. 'पूर्णतः औषधरोधक' असा शब्दच मान्य नाही, म्हणाले. त्याआधी २०१० साली एका रोधक जनुकामागे नवी दिल्लीचं नाव लागलं तेव्हाही हाच रुसवा. नामकरणाच्या बाबतीत आपण बारशाला जमलेल्या आत्यांपेक्षा हळवे. एक मात्र कबूल करायला हवं: मे २०१२ मध्ये टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद सक्तीची झाली.

आणि 'एकही डोस चुकवू नका' हे भिंतीवर लिहिणाऱ्यांचं काय? १८ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं. टीबीच्या काही औषधांचा पुरवठा लांबतोय, तीन महिने तुमचं तुम्ही बघा, नाहीच जमलं तर रुग्णाने विकत घ्यावीत आणि पैसे मागून घ्यावेत. कारण दिलं होतं 'अनपेक्षित आणि बाह्य परिस्थिती'. पेशंटने हेच कारण सांगितलं असतं तर? सहाच दिवसांनी जागतिक क्षयरोग दिन होता. बॅनरचा तुटवडा पडल्याचं कुठे ऐकलं नाही.

बेजबाबदार पेशंटची आणखी एक गोष्ट. मुंबईची नंदिता वेंकटेशन. टीबीच्या इंजेक्शनांनी तिची ऐकण्याची शक्ती गेली. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या तशाच मुलीने औषधरोधक टीबीवरच्या बेडाक्विलिन गोळीचं पेटंट लांबवू नये म्हणून भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा कोर्स देशात मंजूर झाला. आधी औषधरोधक टीबीच्या उपचाराला वीस महिन्यांपर्यंत लागायचे. पण बेडाक्विलिनलाही चुकवणारे जंतू जगात दिसायला लागले आहेत. कात्री चालू राहिली तर बेडाक्विलिनचंही स्ट्रेप्टोमायसिन होईल.

देशाला टीबीमुक्त करायची मुदत २०२५ होती. २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ साली १८७ झाले. उतरले, खरंच उतरले. पण मुक्ती याला म्हणत नाहीत.

गोव्यात बनणारं ट्रूनॅट नावाचं बॅटरीवरचं यंत्र थुंकीत टीबी आहे का हे तासाभरात सांगतं, आणि दुसरी चिप घातली की रिफाम्पिसिन चालेल का तेही. तेव्हा भो, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी दे. तिथे तपासणीला पैसे लागत नाहीत. मेडिकलवर दोन गोळ्यांना लागतात.