ताशी तेरा किलोमीटर

सात नॉट म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. या वेगानं साताऱ्याहून पुण्याला निघालात, तर सकाळचा चहा घेऊन निघून संध्याकाळच्या चहाला पोचाल आणि वाटेत सायकलवाले हात हलवत पुढे जातील. हा वेग परवडावा म्हणून माझ्या चुलतभावानं सिएटलमध्ये अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे कॉम्प्युटर वेगवान करून दिले आणि मग एक ट्रॉलर यॉट विकत घेतली.

अंगाबांध्यानं मासेमारीची बोट, आत सोफा, ओव्हन आणि पडदे. हाँगकाँगमध्ये बांधलेल्या ग्रँड बँक्स बोटींनी १९६०च्या दशकात अमेरिकनांना या प्रकाराचा नाद लावला. दादाची बेचाळीस फुटी बोट त्याच धाटणीची, १९७८ची. वहिनी मालवणच्या. "ट्रॉलर घरचा आणि बांगडा फ्रोजन," एवढंच त्या म्हणतात.

"जरा रेटता येत नाही का?" त्या बोटीवरून निघाल्या निघाल्याच मी विचारलं. दादानं कागद काढला. बोट चालताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की लाट लांबते. बोटीएवढी लांब झाली की एक शिखर नाकाशी, एक शेपटीशी आणि मधल्या खड्ड्यात आपण. पाण्यात बुडालेल्या लांबीचं, फुटांतलं, वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं. चाळीस फुटांना साडेआठ नॉट. त्यापुढं रेटलं तर बोट आपल्याच लाटेचा घाट चढत बसते.

"मग पळतं काय?"

"डिझेल."

बरोबर काका होते. काकांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. पोराच्या हाताला ग्रीस लागू नये म्हणून ओव्हरटाइम करून त्यांनी दादाला इंजिनिअर केलं, अमेरिकेला धाडलं. आता त्याच पोरानं दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळला, जमिनीतली झडप उचलली आणि बॅटरी दातांत धरून खाली उतरला. वर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. काका बराच वेळ बघत राहिले.

"हेच करायचं होतं तर डेपोत चिकटवला असता की रे तुला. घरचा डबा तरी मिळाला असता."

मग ते स्वतः खाली वाकले आणि त्यांचा चेहराच उजळला. "आरं, हे तर ट्रकचं हाय!" खरंच होतं. तिथं दोन फोर्ड लेहमन शेजारी शेजारी बसली होती. मुळात इंग्लंडच्या फोर्डचं मालट्रकचं डिझेल इंजिन. न्यू जर्सीच्या लेहमन कंपनीनं ते समुद्राला चालेल असं करून विकलं. सहा सिलिंडर, एकशेवीस हॉर्सपॉवर, रेडिएटरच्या जागी समुद्राच्या पाण्यानं थंड होणाऱ्या नळ्या. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की एक दुसऱ्याला खातो, म्हणून त्यात खाण्यासाठीच एक जस्ताचा तुकडा ठेवतात. "म्हणजे नैवेद्य," काका म्हणाले. त्यांना पटलं.

पटलं नाही ते गळणं. पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो, तिथं पाणी थेंब थेंब टपकत होतं. काकांनी सवयीनं पाना उचलला.

"अप्पा, नको! टपकायलाच हवं. कोरडं पडलं तर आतलं पॅकिंग तापेल."

गळती काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गळती राखायला सांगणं हा छळ आहे. काका तिथंच बसून थेंब मोजू लागले.

बोट राहते गोड्या पाण्याच्या लेक युनियनमध्ये. समुद्रात जायचं तर बॅलर्डचे लॉक्स ओलांडावे लागतात. १९१७ मध्ये खुले झालेले हे लॉक्स म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांचं काम. तळ्याचं पाणी समुद्राहून सहा ते सव्वीस फूट उंच. किती, ते भरती-ओहोटी ठरवते. सिमेंटच्या हौदात शिरायचं, मागचं दार बंद होतं, पाणी उतरतं, पुढचं दार उघडतं.

"टोल किती?" काका.

"फुकट."

"तरीच रांग."

हौदात आमच्या एका बाजूला कोट्यधीशाची पांढरी इमारत, दुसऱ्या बाजूला कयाकमध्ये एक कॉलेजकुमार आणि वर कठड्याला टेकलेले शंभरेक प्रेक्षक. ही मंडळी मासे बघायला आल्याचं सांगतात. माझ्या हातात पन्नास फुटी दोर होता आणि हुकूम होता की गाठ मारायची नाही, पाणी उतरेल तसा सोडत जायचा. गाठ मारली तर पाणी खाली जातं आणि बोट भिंतीला लटकते. प्रेक्षक नेमके त्याचीच वाट बघत असतात. काका म्हणाले, "पंप कुठाय?" पंप नव्हताच, पाणी आपल्या वजनानं उतरतं. त्यांनी त्या अभियंत्यांना मनातल्या मनात बढती दिली.

शौचालयाबद्दल थोडक्यात. २०१८ पासून प्युजेट साउंडमध्ये मैला सोडायला बंदी आहे. तो टाकीत साठवायचा आणि धक्क्यावर नळी लावून उपसायचा. तेही मालकानंच. काकांनी त्या वेळी तोंड फिरवून इंजिनाची चौकशी केली.

संध्याकाळी कॉर्नेट बेमध्ये नांगर टाकला. दादा चाकाशी, वहिनी नाळेवर साखळीपाशी, दोघांच्या कानांवर माइकवाले हेडफोन. इथं त्यांना संसार वाचवणारी यंत्रं म्हणतात, कारण त्यांच्यामुळं ओरडावं लागत नाही. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. वहिनींचे हात तेवढे दिसत होते.

"भांडतायत का रे?" काकांनी विचारलं.

"छे, खोली मोजतायत."

दोघंही आत आले ते जेवण होईपर्यंत हेडफोन न काढता.

सकाळी डिसेप्शन पासच्या तोंडाशी थांबलो. १९३५चा उंच पूल, खाली चिंचोळी खिंड, आणि तिच्यातून भरतीचं पाणी आठ नॉटपर्यंत धावतं. आमचे सात. म्हणजे दोन्ही इंजिनं लावून, डिझेल जाळून, एका नॉटनं मागं जायची सोय. पाणी स्तब्ध होण्याची काही मिनिटं वेळापत्रकात छापलेली असतात. ती गाठली, आणि जे पाणी मघाशी उकळत होतं त्यावरून चहा न सांडता बाहेर पडलो.

फ्रायडे हार्बरला दोर बांधतोय तोच शेजारच्या बोटीवरचे एक पांढऱ्या दाढीचे आजोबा कान टवकारून आले. "लेहमन?" काकांना एवढा एकच शब्द कळला, पण तो पुरला. एक इंग्रजीत, एक सातारीत, दोघं तासभर व्हॉल्व्हबद्दल बोलले. मग आजोबांच्या बोटीची झडप उघडली आणि काका आत गायब झाले. दादानं बेत आखला होता, फ्रायडे हार्बरच्या बेटाला वळसा, रोश हार्बरला मुक्काम. काकांशिवाय निघायचं कसं? वहिनी आणि मी आइस्क्रीम खाऊन आलो, पुन्हा एकदा खाऊन आलो.

काळोख पडल्यावर काका आले, कोपरापर्यंत काळे.

"उद्या जमायचं नाही," ते दादाला म्हणाले. "दोन बोटी सांगून गेल्यात. एक डिझेल पंपापाशी, एक त्या निळ्या शिडाच्या पल्याड. आणि पाने नीट लावून ठेव जरा, इंचातले एकीकडं, मिलिमीटरचे एकीकडं. एवढा शिकलेला माणूस तू."